थंबनेलची चाचणी घेताय? मग या चुका टाळा

शिलाई मशीनवरच्या एका यूट्यूब व्हिडिओसाठी मी पहिल्यांदा थंबनेलची, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्राची, चाचणी लावली, तेव्हा तिन्ही थंबनेलं वीस मिनिटांत तयार झाली होती. फोटो एकच, मजकूर एकच. मागचा रंग तेवढा एकात पिवळा, दुसऱ्यात निळा, तिसऱ्यात लाल. बरेच दिवस वाट पाहिली आणि निकाल आला की ठोस फरक नाही. सगळा वेळ फुकट गेला असं वाटलं. आज कळतं की चाचणीचं काही चुकलं नव्हतं. रंगापलीकडे मी तिला काही विचारलंच नव्हतं.

यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळण्याच्या यूट्यूबच्या साधनात, ही सोय २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर खुली झाली. एका व्हिडिओला जास्तीत जास्त तीन थंबनेलं लावता येतात. ती एकाच काळात वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवली जातात आणि निकाल काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत लागतो. सोय सोपी आहे, म्हणूनच ती घाईत वापरली जाते.

तीन थंबनेलं, कल्पना एकच

माझा तो व्हिडिओ होता टाके खालून का गुंततात यावर. गुंता कापडाच्या खालच्या बाजूला दिसतो, म्हणून माणूस बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, काढून बसतो. पण चूक बहुतेकदा वरच्या दोऱ्याच्या ओवणीत असते. आता हाच व्हिडिओ असता तर मी एका थंबनेलमध्ये उलटं केलेलं कापड आणि त्यावरचा दोऱ्याचा गोळा अगदी जवळून दाखवला असता. दुसऱ्यात दोरा ओवणारी बोटं. तिसऱ्यात सरळ, स्वच्छ टाका. म्हणजे अडचण, उपाय आणि शेवट. यातलं कोणतंही पुढे आलं तरी पुढच्या व्हिडिओला उपयोगी पडेल असं काहीतरी हाती लागतं. ‘निळा जिंकला’ यातून फारसं काही हाती लागत नाही.

रंग, बाण, फॉन्ट यांची चाचणी करूच नये असं नाही. पण ती नंतरची गोष्ट. मुख्य चित्र कोणतं हे आधी ठरू द्या.

जास्त क्लिक म्हणजे विजय, असं समजणं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. यूट्यूब या चाचणीचा निकाल क्लिकवर लावत नाही, वॉच टाइमच्या वाट्यावर लावतं. कोणत्या थंबनेलमुळे आलेल्या लोकांनी एकूण जास्त वेळ पाहिलं, हे मोजलं जातं. त्यामुळे भरपूर क्लिक मिळवणारं थंबनेलही हरू शकतं. आत आलेला माणूस पंधरा सेकंदांत ‘हे ते नाही’ म्हणत निघून गेला, तर त्या क्लिकचा उपयोग काय? डोळे विस्फारलेला चेहरा आणि ‘मशीन फेकून देऊ नका!’ असं थंबनेल लोकांना थांबवेल. पण आत शांतपणे दोरा ओवायला शिकवलं असेल, तर त्यातले बरेच निघून जातील. हा निकष मला योग्य वाटतो. थंबनेलने दिलेला शब्द व्हिडिओने पहिल्या अर्ध्या मिनिटात पाळायला सुरुवात केली पाहिजे.

चार आकडे पाहून निर्णय

यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा सीटीआर, म्हणजे थंबनेल जितक्या वेळा दिसलं त्यातल्या किती वेळा क्लिक झालं याचं प्रमाण, २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. आता समजा, दोन थंबनेलं प्रत्येकी १,००० वेळा दिसली. एकाला ५० क्लिक मिळाले, दुसऱ्याला ६०. दुसरं वीस टक्क्यांनी सरस वाटतं, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो. हेच प्रमाण प्रत्येकी १०,००० वेळा दिसल्यावर टिकलं, म्हणजे ५०० विरुद्ध ६००, तर मात्र ते गांभीर्याने घ्यावं. वॉच टाइमच्या आकड्यांचंही तसंच. लहान चॅनेलवर चाचणी अनिर्णित राहते ती बहुतेकदा यामुळेच. अशा वेळी आपल्या सर्वांत जास्त दिसणाऱ्या जुन्या व्हिडिओवर चाचणी लावा. तिथे रोज नवे लोक येत असतात.

याचीच बहीण म्हणावी अशी आणखी एक चूक: सोमवारी एक थंबनेल, गुरुवारी दुसरं, आणि मग सीटीआरची तुलना. पहिल्या दिवशी व्हिडिओ पाहायला मुख्यतः आपले नेहमीचे प्रेक्षक येतात. पुढे तो अनोळखी लोकांसमोर जातो आणि सीटीआर आपोआप घसरतो. दोष नव्या थंबनेलवर येतो, बदललेले असतात ते प्रेक्षक. चाचणी चालू असताना शीर्षकालाही हात लावू नका, नाहीतर कशाचा परिणाम झाला ते कळणार नाही.

लॅपटॉपवर सुंदर, फोनवर चिखल

हे आपल्या लिपीसाठी जास्त महत्त्वाचं. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. फॉन्ट फार ठळक घेतला की लहान आकारात ‘क्ष’मधल्या फटी बुजतात आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. दोन ओळी जवळ घेतल्या तर वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. मी आता थंबनेल स्वतःच्या फोनवर पाठवते, हात लांब करून बघते, आणि एका नजरेत वाचता आलं नाही तर शब्द कमी करते. तीन-चार शब्द पुरतात. शीर्षकातलेच शब्द थंबनेलवर पुन्हा लिहू नका. उजवीकडचा खालचा कोपरा मोकळा ठेवा, तिथे व्हिडिओची लांबी दाखवणारी पट्टी येते.

चाचणीचा पर्यायच दिसत नसेल तर

फोनवर शोधत बसू नका, संगणकावर यूट्यूब स्टुडिओ उघडा. तरीही नसेल, तर चॅनेलला प्रगत सुविधा मिळाल्या आहेत का ते सेटिंगमध्ये तपासा. शॉर्ट्स, खासगी आणि ‘मुलांसाठी’ म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओंवर ही चाचणी लागत नाही. थंबनेलं धूसर दिसत असतील तर प्रत्येकाचा आकार पाहा: एखादं जरी १२८० × ७२० पेक्षा लहान असलं, तरी तिन्ही खालच्या दर्जात दाखवली जातात. ते एक बदलून चाचणी पहिल्यापासून लावा.