बांधावरचा अडुळसा खोकल्याला असा वापरा

आपल्या साताऱ्याकडं बांधाला, कुंपणाला अडुळसा भरपूर असतो, शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत म्हणून तर कुंपणाला लावतात, आणि लोकं मेडिकलमधून कफ सिरप आणत बसतात. खरं तर कफ पातळ करायला डॉक्टर जे ब्रोमहेक्झिन देतात ते अडुळशातल्याच व्हॅसिसिन नावाच्या घटकावरून तयार केलंय.

पानं कच्ची कुटली तर रस फार निघत नाही, म्हणून चार-पाच पानं स्वच्छ धुवून आधी वाफवायची, मग कुटून फडक्यातनं पिळायची, चमचाभर रस निघतो तो मधातनं घ्यायचा. जाम कडू लागतो पण छातीत चिकटलेला कफ सुटायला मदत होते. कोरड्या खोकल्यापेक्षा कफाच्या खोकल्याला जास्त चांगला.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा, गरोदर बायकांना अजिबात द्यायचा नाही, यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधच चालत नाही, त्यामुळं घरचा काढा, रस काही नको. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला किंवा थुंकीतनं रक्त आलं तर पाला पिळत बसू नका, सरकारी दवाखान्यात टीबीची थुंकी तपासणी फुकट होते, ती आधी करून घ्या.