सकाळ चांगली सुरू करायचीय? मग या चुका टाळा

गेल्या वर्षी माझी भाची शिकायला माझ्याकडे राहायला आली. येताना तिने सकाळच्या दिनक्रमाची एक यादीच उतरवून आणली होती. त्यात थंड पाण्याचा शॉवर, सुगंधी तेलाचे थेंब, कानात पक्ष्यांचं रेकॉर्डिंग, पायाखाली खडबडीत चटई आणि डोळे मिटून पाच मिनिटं बसणं, असं सगळं होतं. पंचेंद्रियं जागी करायची म्हणून पोरगी चाळीस मिनिटं राबायची. आठवड्याने म्हणाली, "मावशी, सगळं करते गं, तरी डोकं जडच राहतं."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत जाऊन बसले. पडदे ओढलेले, वर एकच दिवा. फोनमधल्या ॲपने उजेड मोजला तर जेमतेम 120 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). तशीच तिला बाल्कनीत नेलं. आभाळ भरून आलं होतं, तरी आकडा 6000 च्या पुढे गेला. ती बघतच राहिली.

सगळ्यात मोठी चूक हीच. बाकी सगळं करायचं आणि उजेड तेवढा विसरायचा. डोळ्याच्या पडद्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्यांचं मुख्य काम चित्र दाखवण्याचं नाही, तर दिवस उजाडल्याची खबर मेंदूतल्या घड्याळाला देण्याचं. साधारण 480 नॅनोमीटरच्या निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण या पेशींसाठी तो फार अपुरा असतो. म्हणून उठल्यावर दहा मिनिटं बाहेर उभं राहा. ढगाळ असेल तर वीस. सूर्याकडे थेट बघायचं मात्र नाही, कधीच नाही.

भाचीची यादी मी फाडायला लावली. दोनच गोष्टी ठेवल्या, बाल्कनी आणि ओंजळभर गार पाणी. पाणी चेहऱ्यावर मारायचं आणि लगेच टॉवेल शोधायचा नाही. ते हनुवटीवरून ओघळून थेंब थेंब गळेपर्यंत तसंच थांबायचं. एवढा वेळ लक्ष एकाच स्पर्शावर राहिलं तरी खूप झालं. पाच इंद्रियांना एकदम हाका मारल्या की एकाकडेही नीट लक्ष जात नाही.

दुसरी चूक फोनची. "गजर त्यातच लावते ना," हे कारण मला मान्य नाही. साधं गजराचं घड्याळ घ्या आणि पलंगापासून चार पावलांवर ठेवा. फोन बाहेरच्या खोलीत. गजर बंद करायला फोन उचलला की बोट मेसेजकडे वळतंच, आणि मग सकाळ तुमची राहत नाही.

स्नूझ दाबू नका. तुकड्यातुकड्यांच्या झोपेने विश्रांती होत नाही.

बर्फासारख्या पाण्याने एकदम अंघोळ करू नका. श्वास अडकतो, रक्तदाब झटकन चढतो. हृदयाचा त्रास असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

सुगंध रात्रभर दरवळत ठेवू नका. नाकाला कुठल्याही वासाची काही मिनिटांत सवय होते, मग सकाळी तो जाणवणार कसा? माझी बाटली रात्रभर घट्ट बंद असते. सकाळी एकदाच उघडते, दोन श्वास घेते आणि पुन्हा झाकण लावते.

उठल्यावर दहाव्या मिनिटाला "मला फ्रेश वाटत नाही" असा निकालही देऊ नका. झोपेची गुंगी उतरायला बहुधा पंधरा ते तीस मिनिटं जातात, कधी त्याहून जास्त.

आणि 21 दिवसांत सवय लागते म्हणतात ना, ते गणित सोडा. लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ 18 ते 254 दिवस इतका वेगवेगळा निघाला, मध्यक, म्हणजे मधोमधचा आकडा, 66 दिवस. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात कोणी "काही फरक नाही" म्हणालं की मी एवढंच विचारते, रोज केलंस का? भाचीने तिसरी गोष्ट थेट तिसऱ्या महिन्यात जोडली. बाल्कनीत उभं राहून तीन वेगवेगळे आवाज ओळखायचे, मग आत यायचं.