सेट घेऊ नका, आधी ओटा मोजा

परवा मावसभावाचा फोन. चिपळूणला नोकरी लागलीय, भाड्याची खोली बघून ठेवलीय, लग्न झालं की दोघं तिकडेच राहणार, तर म्हणे "ताई, किचनची यादी पाठव ना, बजेट जेमतेम आहे आणि आम्हा दोघांनाही भांड्यांतलं काही कळत नाही". मी लिहायला बसले आणि यादी काही मेसेजात मावेना, कारण प्रत्येक भांड्यामागे माझी काहीतरी चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मग म्हटलं सगळं एकदाच नीट लिहून काढू, आणखी कुणाचा पहिला संसार लागत असेल तर त्यांनाही होईल.

दुकानात जायच्या आधी ओटा मोजा, खालचे कप्पे मोजा आणि प्लगचे पॉइंट किती आहेत ते बघा. मग दोघांनी बसून आठवडाभर आपण काय काय खाणार ते लिहा, उगाच डाएटबिएट नको, जे रोज होतं तेच. सकाळी घावणे की पोहे, डबा एकाचा की दोघांचा, रात्री भात-आमटी की भाकरी, मासे किती वेळा. भांडी त्यावरून ठरतात. मी हे केलं नव्हतं. मी ऑनलाइन ऑफर बघून छत्तीस नगांचा स्टीलचा सेट मागवला, त्यात सहा बारक्या वाट्या, सहा त्याहून बारक्या वाट्या, सहा काटेचमचे, आणि भात रांधायला एक टोप नाही! वर पहिला पावसाळा सरेपर्यंत ताटांच्या कडांना तांबूस ठिपके आले ते वेगळंच.

ते ठिपके का आले ते मला नंतर भांड्यांच्या दुकानातल्या काकांनी समजावलं. आपली कोकणातली हवा खारी, दमट, तिथे स्टीलचा नंबर बघूनच घ्यायचा. ३०४ म्हणजे ज्याला अठरा-आठ पण म्हणतात, त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते गंजाला चांगलं टिकतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, स्वस्त पडतं, दिसायला तसंच चकचकीत, पण समुद्राकाठी लवकर डाग धरतं. आणि ते लोहचुंबक लावून "बघा चिकटत नाही, म्हणजे ओरिजिनल" म्हणतात ना, त्याला भुलू नका, चुंबक २०२ ला पण चिकटत नाही. तळाला छापलेला नंबर बघा आणि पक्कं बिल घ्या. सगळंच ३०४ घ्यायची गरज नाही हां, कोरड्या पिठा-डाळीचे डबे साधे चालतात, पण टोप, चहाचं भांडं, पाण्याचं पिंप, रोज ओलं राहणारं जे काही असेल त्यात काटकसर नको. भांडी किलोवर मिळतात तिथूनच घ्या, मी रत्नागिरीत रामआळीच्या बाजारात फिरून घेतली, हातात उचलून बघता येतं, बूड पातळ असलं की लगेच कळतं. घरातली जुनी वाकडी भांडी मोडीत देऊन बिलातून वजा करून घेता येतात, ते विचारायला लाजू नका.

आणि हो, काहीही विकत घ्यायच्या आधी दोन्हीकडच्या माळ्यावर काय पडलंय ते बघा. आपल्याकडे प्रत्येक घरात आहेरात आलेली भांडी गोणत्यात बांधून असतात. माझ्याकडच्या चार ताटांवर माझ्या नवऱ्याच्या आत्येच्या लग्नाची तारीख आहे, जेवताना रोज वाचतो आम्ही, पण ताटं जड आहेत आणि अजून एक डाग नाही. आई तर म्हणालीच होती, "भांडी खंय पळान जातत गो, सावकाश घे."

आता पहिल्या दिवशी काय लागतं. शेगडी, सिलेंडर, लायटर, एक कुकर, दोन टोप झाकणासकट, एक कढई, एक तवा, चहाचं भांडं, गाळणं, सांडशी, पळी, उलथनं, सुरी, खवणीची विळी, परात, पोळपाट-लाटणं, दोन ताटं, चार वाट्या, चार पेले, मिसळणाचा म्हणजे मसाल्याचा डबा. एवढ्यावर दोघांचा महिना आरामात निघतो, खोटं वाटेल पण निघतो. शेगडी दोन बर्नरची बास, बर्नर पितळेचे घ्या. गॅसची नळी ती नारंगी सुरक्षा नळीच, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि तिच्यावर छापलेली तारीख बघा कारण पाच वर्षांनी बदलायची असते, जुन्या भाडेकरूने सोडलेली नळी तशीच जोडू नका. लायटर मात्र दोन घ्या. दमट हवेत एक हमखास रुसतो.

कुकरवर जरा जास्त बोलते कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. दोघांना ३ लीटर पुरतो असं सगळे सांगतात, आणि नुसता भात किंवा नुसती डाळ लावणार असाल तर पुरतोच, पण आपण डबे ठेवून खाली डाळ वर भात असं एकदम लावतो, कधी मधे बटाटा पण टाकतो, त्याला ५ लीटरच बरा. पाव्हणे आले तरी निभतं. आतल्या झाकणाच्या कुकरचं तोंड निमुळतं असतं, डबे आत जाताना अडकतात, बाहेरच्या झाकणाचा असेल तर सरळ उतरतात, म्हणून डबे दुकानातच आत घालून बघा, घरी आणून नाही. आयएसआय मार्क बघा, २०२१ पासून घरगुती कुकरला तो सक्तीचाच आहे, तरी बाजारात बिनमार्काचे स्वस्त कुकर दिसतात, वाफेच्या वस्तूत तीनशे रुपये वाचवायचे नसतात. डाळ आणि भात अर्ध्याच्या वर भरायचा नाही, फेसाने शिट्टी चोंदते. उकडा तांदूळ खाणार असाल तर पाणी आणि शिट्ट्या दोन्ही जास्त, पहिल्या आठवड्यात एकदा चुकणारच, त्या दिवशी पेज करा. एक जादा रिंग आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह तेव्हाच घेऊन ठेवा. आणि पावसात कुकर झाकण लावून बंद ठेवू नका, झाकण उलटं टाकून ठेवा, नाहीतर रिंगला असा वास धरतो की भाताला पण लागतो.

पहिल्या दिवशी एक तवा चालतो, पण पुढे तवे दोन लागतात. एक भाकरी-पोळीचा साधा लोखंडी, दुसरा बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा, घावणे आंबोळ्यांसाठी. नॉनस्टिकवर घावणे सुटतात हो, पहिल्या दिवसापासून सुटतात, पण ती जाळी पडत नाही, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरलात तर २६० डिग्रीच्या वर ते कोटिंग खराब व्हायला लागतं. दोन-तीन वर्षांनी फेकायचाच असतो. बिडाचा तवा तुमच्या मुलांना पण मिळेल, फक्त पहिला महिना धीर धरायचा. नवीन आणला की घासून धुवा, गॅसवर कोरडा करा, तेल लावून तापवा, निववा, परत तेल, परत तापवा, असं चार-पाच वेळा. मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून चोळत राहायचं. माझी सासू नारळाच्या शेंडीचा कुंचला करून तेल लावते, तो कांद्यापेक्षा भारी, फुकट आहे आणि वास पण नाही येत. पहिलं घावण चिकटणारच, ते कावळ्याला. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतायचं नाही आणि हातातून पाडायचा नाही, बीड जड असतं पण फुटतं. आमच्या शेजारणीचा तडकला तेव्हा तिने दोन दिवस सुतक पाळल्यासारखं केलं होतं.

नारळाशिवाय आपलं पान हलत नाही, तेव्हा खवणी भक्कम पाहिजे, पाट रुंद आणि शिसवीचा वगैरे नसला तरी चालेल पण हलता कामा नये. मिक्सर ७५० वॉटचा घ्या, ५०० मध्ये नारळाचं वाटप बारीक होत नाही असं नाही, पण वेळ लागतो आणि मोटर तापते. बारकं चटणीचं भांडं घट्ट झाकणाचं आहे ना ते बघा, कारण रोज तेच लागणार, ज्यूसरची भांडी माळ्यावर जाणार. मिक्सर मधेच बंद पडला तर लगेच रिपेअरवाल्याकडे पळू नका, बुडाला एक लाल बटण असतं, ओव्हरलोडने ते बाहेर येतं, थंड झाल्यावर दाबलं की चालू. मी एकदा रिक्षाचे पैसे घालून नेला होता, त्या माणसाने फक्त बटण दाबलं आणि माझ्याकडे बघून हसला. ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे तीच कंपनी घ्या.

पण सगळं विजेवर टाकू नका. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा होता त्यांचीच आमटी झाली. आख्खा पाटा भाड्याच्या घरात कोण नेणार, पण एक दगडी खलबत्ता घ्या, लसूण-मिरची-खोबरं होतं त्यात. इंडक्शन दुसरी शेगडी म्हणून ठीक आहे, आणि तिथे मात्र चुंबक कामाचं, बुडाला चिकटलं तरच ते भांडं चालतं. भावाला मुद्दाम सांगते, चिपळूण आहे, २२ जुलै २०२१ चं पुराचं पाणी आठव, तळमजल्याची खोली असेल तर मिक्सर आणि तांदळाचा डबा पावसाळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायचाच नाही.

माशांचा टोप वेगळा. हे कुणाला जुनं वाटेल, वाटू दे, पण श्रावणात किंवा सोमवारी घरातलं कुणी आलं की तो टोप वेगळा असल्याचं सुख कळतं. मातीचं भांडं मिळालं तर माशाच्या कढीला त्याच्यासारखं नाही, रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, मग एकदा पेज उकळून टाका आणि मगच वापरा, साबण लावायचा नाही. ॲल्युमिनियमच्या टोपात कोकम, चिंच घालून आमटी ठेवू नका, रंगही काळपट होतो आणि चवही लागते. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत तर आंबट अजिबात नको, आजीची पितळी पातेली आणणार असाल तर आधी कल्हई करून घ्या. सोलकढी स्टीलमध्ये किंवा काचेत. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, मीठ, आमसुलं, लोणचं हे स्टीलच्या डब्यात भरू नका, चांगल्या ३०४ ला सुद्धा मिठाने बारीक भोकं पडतात, चिनी मातीची किंवा काचेची बरणी घ्या.

लाकडी वस्तू सावंतवाडीला जाणं झालं तर चितारआळीतून बघा, खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे पण पोळपाट-लाटणी पण असतात. जुलैत लाकडाला बुरशी येते, धुतलं की उभं करून वाळवायचं आणि मधूनमधून खोबरेल चोळायचं. बिडाचा तवा आठवडाभर लागणार नसेल तर तेल लावून पेपरात गुंडाळा. रोवळी, सूप, किसणी, झारा, मोठी परात हे दुसऱ्या पगारात.

मोदकपात्र गणपतीच्या महिनाभर आधी घ्या, आयत्या वेळी दुकानात उरलेले असतात ते झाकण न बसणारे. तेही नसेल तर टोपावर चाळणी ठेवून हळदीची पानं घातली की मोदक होतात. आणि शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा, लाकडी सोऱ्या विकत घेऊच नका, वर्षातून दोनदा लागतो, ठेवायला जागा नाही आणि दाबायला दोन माणसं लागतात, बिल्डिंगमध्ये कुणाकडे तरी असतोच. आमच्याकडे पूर्ण इमारतीत मिळून एक आहे, मूळ कुणाचा ते आता कुणालाच आठवत नाही, सध्या तो तिसऱ्या मजल्यावर आहे.