रेल्वेचा वायरलेस ऐकायचाय? स्कॅनर असा निवडा

अमेरिकेत रेल्वेचं बोलणं ऐकायला सहाशे-सातशे डॉलरचा स्कॅनर, म्हणजे एकामागून एक चॅनेल फिरून नुसतं ऐकणारा रेडिओ, लागत नाही. हे आधीच सांगते, कारण शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या फलाटावर माझ्या हातातला स्कॅनर बघून आपल्यापैकी कुणी ना कुणी ‘केवढ्याला पडला हो?’ विचारतंच. मग घरी जाऊन नेमकं सगळ्यात महाग मॉडेल शोधतात आणि बेत सोडून देतात. ती महागडी यंत्रं मुख्यतः पोलीस आणि अग्निशमन दलाचं ऐकणाऱ्यांसाठी आहेत. तिथे डिजिटल आणि ट्रंकिंगची (संगणक क्षणाक्षणाला चॅनेल बदलून देतो, त्याची) भानगड असते. रेल्वेचं काम त्यामानाने फारच सरळ आहे.

अमेरिका आणि कॅनडातल्या रेल्वे कंपन्या प्रामुख्याने १६०.२१५ ते १६१.५६५ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्यात बोलतात. चॅनेल १५ किलोहर्ट्झच्या अंतरावर आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक आहे. १६०.२१५ म्हणजे चॅनेल ७, तिथून एकेक पायरी चढत १६१.५६५ म्हणजे ९७. आमच्या शिकागो-ऑरोरा मार्गावर, ज्याला इथले गाडीवेडे ‘रेसट्रॅक’ म्हणतात, बीएनएसएफ कंपनीचा मुख्य चॅनेल ६६ आहे, म्हणजे १६१.१००. रेल्वेने डिजिटलसाठी एनएक्सडीएन ही पद्धत स्वीकारून ठेवली आहे, पण मुख्य मार्गांवरचं बोलणं अजून बहुतांशी साध्या ॲनालॉग एफएमवरच चालतं. म्हणून पहिला स्कॅनर ॲनालॉगच घ्या. तुमच्या भागातली एखादी मेट्रो किंवा लाइट रेल ऐकायची असेल तर मात्र तिची यंत्रणा आधी तपासा, तिथे ट्रंकिंग निघू शकतं.

मी वापरते तो युनिडेनचा बीसी१२५एटी. शंभर-दीडशे डॉलरच्या आसपास मिळतो. ५०० चॅनेल, ५०-५० च्या १० बँका (म्हणजे चॅनेलचे गट), प्रत्येक चॅनेलला नाव देता येतं, दोन पेन्सिल सेलवर चालतो, संगणकाला जोडून भरता येतो. नाव देता येणं ही चैन नव्हे. चार मार्गांचे चॅनेल भरल्यावर नुसता आकडा बघून कोण बोललं ते कळत नाही. याच कंपनीचा बीसी७५एक्सएलटी थोडा स्वस्त आहे, पण त्यात नावं भरता येत नाहीत, म्हणून मी तो सुचवत नाही. बीसी१२५एटीच्या बॅटरीच्या खाचेत एक बारीक बटण आहे, साधे सेल की चार्जिंगचे हे ठरवणारं. साधे सेल घातलेत आणि बटण चार्जिंगवर आहे, अशा स्थितीत यूएसबी वायर लावू नका.

जुना स्कॅनर गराज सेलमध्ये मिळत असेल तर दोन गोष्टी बघा. २०१३ च्या १ जानेवारीपासून सरकारी नियमाने या पट्ट्यातले सेट ‘नॅरोबँड’, म्हणजे प्रत्येक चॅनेलला कमी जागा घेणारे, झाले. त्याआधीच्या यंत्रावर आवाज येतो, पण दबका, आणि शेजारच्या चॅनेलचं बोलणं मध्ये घुसतं. दुसरं म्हणजे, १६०.२२२५ हा आकडा टाकून बघा. यंत्राने तो जसाच्या तसा घेतला तर ठीक. स्वतःच्या मनाने १६०.२२० किंवा १६०.२२५ केला, तर मधले नवे चॅनेल तुम्हाला नीट मिळणार नाहीत.

पंचवीस-तीस डॉलरचा चिनी वॉकीटॉकी घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर ठाम ‘नको’ असं आहे. त्याला बोलायचं बटण असतं. खिशात ते दाबलं गेलं आणि डिस्पॅचरच्या (गाड्यांना मार्ग देणाऱ्या नियंत्रकाच्या) सूचनेवर तुमची खरखर चढली, तर तो गुन्हा तर आहेच, शिवाय रुळावर काम करणाऱ्या गँगच्या जिवाशी खेळ आहे. फक्त ऐकणारंच यंत्र घ्या.

वाचलेले पैसे अँटेनावर घाला. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो आणि लोक नेमकं इथेच हात आखडतात. स्कॅनरसोबत येणारी रबरी शेंडी सगळ्याच पट्ट्यांवर थोडंथोडं ऐकते, एकावरही धड नाही. १६१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी, म्हणजे अँटेनाची योग्य लांबी, साधारण ४६ सेंटिमीटर येते. टेलिस्कोपिक अँटेना घेऊन तेवढीच ओढा, पूर्ण नको. मोटारीसाठी चुंबकाची, तीही छताच्या मधोमध. घराच्या माळ्यावर एखादी लावली तर उत्तमच, फक्त केबल विनाकारण लांबवू नका, तेवढा सिग्नल वाटेतच गळतो.

अँटेना पारखायला गाडीची वाट बघायची गरज नाही. सरकारी हवामान केंद्रं १६२.४०० ते १६२.५५० वर दिवसरात्र बोलत असतात, रेल्वेच्या पट्ट्याला अगदी खेटून. जवळचं केंद्र सोडा, लांबचं पुसट केंद्र शोधा आणि त्यावर दोन अँटेना आलटून पालटून लावा. जिच्यावर शब्द सुटे ऐकू येतात ती ठेवा.

चॅनेल भरताना हावरटपणा नको. सगळे ९१ भरले तर यंत्र फिरत राहतं आणि हवं ते वाक्य निसटतं. पहिल्या बँकेत फक्त घराजवळच्या मार्गाचे, दुसरीत यार्डाचे, तिसरीत सहलीचे. डीले (बोलणं थांबल्यावर थोडा वेळ त्याच चॅनेलवर थांबण्याची सोय) चालू ठेवा, म्हणजे प्रश्नानंतरचं उत्तरही त्याच चॅनेलवर मिळतं. स्क्वेल्च (पुसट आवाज आणि खरखर गाळणारी चकती) खरखर थांबेल इतकाच, त्यापुढे एक घरही नाही. इंजिनचा आवाज दणदणीत येतो, पण खाली उतरलेल्या कंडक्टरचा (मालगाडीवरच्या ड्रायव्हरच्या साथीदाराचा) हातातला सेट कमी ताकदीचा असतो. स्क्वेल्च घट्ट केला की पहिला तोच गायब होतो.

सुरुवातीला कान डिटेक्टरवर ठेवा. रुळाकाठचं हे यंत्र तापलेली बेअरिंग आणि लोंबकळणाऱ्या वस्तू तपासतं आणि गाडी गेली की स्वतःच वायरलेसवर बोलतं: कंपनीचं नाव, माइलपोस्ट, रुळाचा नंबर, ‘नो डिफेक्ट्स’, आणि बहुतेक ठिकाणी एकूण ॲक्सल (चाकांच्या जोड्यांचे आस). बाबा भुसावळला गार्ड होते. ‘हॉट ॲक्सल’ हा शब्द मी घरातच ऐकत वाढले. ते इथे आले की ॲक्सलच्या आकड्यावरून गाडी ओळखायला बसतात. ४१२ म्हटलं की लगेच, ‘सहा-सहा ॲक्सलची दोन इंजिनं बारा, उरले चारशे, डब्याला चार म्हणजे शंभर डबे. कोळसा असेल.’ कंटेनरच्या गाडीला हा हिशेब लागू पडत नाही, कारण तिथे लगतचे डबे पुष्कळदा चाकांच्या एकाच सांगाड्यावर टेकलेले असतात. तोही ते आता बरोबर सोडवतात.

एका चॅनेलवर ४५७.९३७५ भरून ठेवा. बऱ्याचशा मालगाड्यांच्या शेवटच्या डब्यावरचं यंत्र यावर इंजिनला ब्रेकच्या हवेचा दाब कळवत असतं. माणसाचा आवाज नसतो, नुसती छोटी टर्रर. पण ती काही मैलांतच पोचते, त्यामुळे ऐकू आली की कॅमेरा बाहेर काढा.

विकत घ्यायच्या आधी जमलं तर रोशेलला जाऊन या. शिकागोच्या पश्चिमेला साधारण ८० मैलांवर युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथे गावाने गाड्या बघणाऱ्यांसाठी खास बाग केली आहे आणि मांडवात स्पीकरवर रेल्वेचा वायरलेस लावलेला असतो. दुपारभर बसा. हे बोलणं कळतं का, आवडतं का, ते फुकटात समजेल. घरबसल्या इंटरनेटवरही ऐकता येतं, पण ते काही सेकंद मागे असतं आणि कुणीतरी दुसऱ्याने निवडलेलं असतं.

रुळाजवळ इअरफोन एकाच कानात घाला. दुसरा कान रुळासाठी.

कायद्याचं शेवटचं. इलिनॉयमध्ये मी स्कॅनर बिनधास्त सोबत नेते. शेजारच्या इंडियानात पोलिसांची फ्रिक्वेन्सी पकडू शकणारा रेडिओ मोटारीत किंवा सोबत बाळगणं गुन्हा ठरू शकतं, हॅम (हौशी रेडिओचा) परवाना असलेल्यांना सूट आहे. न्यूयॉर्कमध्येही मोटारीपुरता असाच नियम आहे. राज्य ओलांडण्याआधी वाचून घ्या. आणि सुट्टीत भारतात जाताना स्कॅनर इथेच ठेवून जा. तिकडे असं वायरलेस यंत्र परवानगीशिवाय बाळगता येत नाही, मग ते फक्त ऐकणारं का असेना.