बीज टाकायच्या आधी पाण्याचा पीएच बघा: कालवं, शिनाणे, तिसऱ्या पाळणाऱ्यांसाठी

पाऊस ओसरला, खाडीचं पाणी परत खारट व्हायला लागलं की बीज, म्हणजे शिंपल्यांची बारीक पिल्लं, टाकायची घाई सगळ्यांनाच होते, आणि तेव्हा बघतात काय तर खारटपणा आणि तापमान. दोन्ही बघायलाच पाहिजेत. पण तिसरी गोष्ट राहून जाते, ती म्हणजे पाण्याचा पीएच (जितका खाली तितका पाण्याचा आम्लपणा जास्त) आणि त्याच्या जोडीला अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद. बीज टिकत नाही, वाढ खुंटते, पिल्लाचं कवच बोटाने जरा दाबलं तरी तडकतं, आणि आपण रोग शोधत बसतो. कित्येकदा रोग नसतोच.

होतं काय ते आधी सांगतो, कारण ते कळलं तर पुढचे उपाय आपोआप लक्षात येतील. माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. तो पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होतं, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि तो पाण्यातल्या कार्बोनेटला धरून ठेवतो. आता कवच बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं, समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर आहे, अडतं ते कार्बोनेटपाशी. कारखानदारीच्या आधी समुद्राच्या वरच्या थराचा पीएच सरासरी ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. म्हणजे पाणी अजून अल्कलीच आहे, आम्ल झालेलं नाही, पण पीएचची मोजपट्टी साधी नसते, ०.१ उतरला म्हणजे हायड्रोजनचं प्रमाण पाव हिश्शाहून जास्त वाढलं.

आणि हे झालं उघड्या समुद्राचं. आपण पाळतो खाडीत, किनाऱ्यालगत, तिथे यापेक्षा कितीतरी मोठे चढउतार एकाच दिवसात होतात. पावसाचं नि नदीचं गोडं पाणी आलं की अल्कलिनिटी पडते. शेतातलं खत नि गावातलं सांडपाणी वाहून आलं की शेवाळ माजतं, मग ते मरून तळाशी कुजतं आणि कुजताना ऑक्सिजन खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं. काही किनाऱ्यांवर वारा वरचं पाणी ढकलून नेतो आणि खालचं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येतं. हे सगळं एकाच वेळी जुळून आलं तर बीजाचे हाल होतात.

सगळ्यात नाजूक कोण, तर नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू. कालवाची अळी पहिल्या साधारण ४८ तासांत आपलं पहिलं कवच बांधते, आणि त्या वेळी ती धड खातही नसते, अंड्यातल्या शिदोरीवरच सगळं काम चाललेलं असतं. एवढ्याशा वेळात तिच्या अंगाच्या वजनाचा ९० टक्के भाग कवचाचाच होतो. त्यात हे पहिलं कवच अॅरागोनाइट जातीच्या कार्बोनेटचं, जे मोठ्या कालवाच्या कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळतं. पाण्यात कार्बोनेट कमी असलं की तेच कवच बांधायला जास्त ताकद लागते, शिदोरी तिथेच संपते, अळी त्या दिवशी मरत नाही पण आठ-दहा दिवसांनी चिकटायच्या आधी तळाशी बसते. म्हणून कारण सापडत नाही, कारण मरतुक दिसते त्या दिवशीचं पाणी चांगलं असतं.

अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर नेटार्ट्स खाडीतल्या हॅचरीत, म्हणजे कालवाच्या अळ्या पैदा करायच्या जागी, २००७-०८ च्या सुमाराला हेच झालं. अळ्या ढिगाने मरत होत्या, सुरुवातीला संशय व्हिब्रिओ जिवाणूवर गेला, पण तपास करत गेल्यावर अळ्या मरण्याचा संबंध खालून वर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवाल्या पाण्याशी लागला. त्यांनी पाणी घ्यायची वेळ बदलली आणि पाण्यात सोडा अॅश, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मिसळायला सुरुवात केली, आणि उत्पादन परत सावरलं. हे आपल्यालाही करता येण्यासारखं आहे.

पहिलं म्हणजे वेळ. रात्रभर खाडीतले सगळे जीव श्वास घेतात त्यामुळे पहाटे पीएच सगळ्यात खाली असतो, दिवसा सागरी गवत नि शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दुपारनंतर पीएच वर येतो. सकाळी लवकर पंप लावायची सवय असेल तर ती मोडा, टाक्या दुपारी तीन-चारच्या सुमाराला भरा. याला एक पैसा लागत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. मोठा पाऊस पडून गेल्यावर लगेच पाणी घेऊ नका, वरचा गोडा थर असतोच, थांबता येत नसेल तर भरतीचं पाणी जरा खालच्या थरातून उचला.

मीटर लागेलच. साधा चालेल पण ७ आणि १० च्या बफरने (पीएच ठरलेला असलेल्या द्रावणाने) नियमित कॅलिब्रेट केलेला पाहिजे, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. पहाटे एकदा नि दुपारी एकदा, रोज त्याच जागी, आणि शेजारी खारटपणा, तापमान, पाऊस लिहून ठेवा. एकट्या पीएचवर जाऊ नका, अल्कलिनिटीचं टेस्ट किट घ्या. समुद्राच्या पूर्ण खाऱ्या पाण्यात ती कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला ११५ मिलिग्रॅमच्या आसपास येते, तुमच्याकडे ८०-९० येत असेल तर गोड्या पाण्याचा असर अजून आहे, बीजाला आठवडाभर थांबवा.

हॅचरीच्या टाकीत सोडा अॅश वापरायचा तर हिशेब असा: १००० लिटरला ५३ ग्रॅम शुद्ध सोडा अॅश टाकला की अल्कलिनिटी लिटरला ५० मिलिग्रॅमने वाढते. एकदम एवढा टाकू नका, २० ग्रॅमपासून सुरू करा. आधी गोड्या पाण्यात पूर्ण विरघळवा, मग एअर चालू ठेवून हळूहळू सोडा, अळ्या टाकीत असताना नाही, आधीच. पाणी दुधाळ झालं तर समजा जास्त झालं, कार्बोनेट तिथेच खाली बसलं, ते पाणी अळ्यांना देऊ नका. कळीचा चुना तर अजिबात नको, पीएच एकदम उसळतो आणि अळ्या जातात. नुसती हवा जोरात सोडली तरी पाण्यात अडकलेला जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बराच निघून जातो, हे बरेच जण विसरतात.

अळ्या मायक्रोस्कोपखाली बघाच. चांगल्या अळीची बिजागरीची बाजू सरळ असते आणि बाकी कड गोल, इंग्रजी डी अक्षरासारखी. बिजागरी आत खचलेली, कड कुरतडल्यासारखी, एक झडप दुसरीपेक्षा लहान अशा अळ्या जास्त दिसल्या तर ती बॅच पुढे पोसण्यात अर्थ नाही, खाद्य वाया जातं. स्पॅट, म्हणजे चिकटून बसलेलं कोवळं बीज, हातात घेऊन कडेला बघा, वाढत असेल तर नवीन पातळ कोवळी कड दिसते. कड नाही, आणि बिजागरीजवळची वरची साल जाऊन खडूसारखा पांढरा भाग उघडा पडलेला, तर कवच झिजतंय.

मोठ्या जनावरावर परिणाम हळू होतो, ताकद कवचात जाते आणि मांस कमी भरतं. शिनाण्यांचे धागे आम्ल पाण्यात कमजोर पडतात त्यामुळे लाटेत दोरीवरून गळतात, अशा दिवसांत दोऱ्या हलवणं, विरळणी वगैरे टाळा. मात्र खाद्य भरपूर असेल तर जनावर बरंच सोसतं. बाल्टिक समुद्रात कील फ्योर्डमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त असूनही शिनाणे चांगले वाढतात ते तिथे खाद्य भरपूर असल्यामुळे. म्हणून दाटी करू नका, पिशव्या नि दोऱ्यांमध्ये अंतर ठेवा, प्रवाह खेळता राहू दे.

तिसऱ्या चिखलात राहतात, आणि चिखलातलं पाणी वरच्या पाण्यापेक्षा जास्त आम्ल असतं. बारीक बीज तिथे अक्षरशः विरघळतं. बिछान्यावर जुन्या कवचांचा चुरा पसरला तर चिखलाचा आम्लपणा मारला जातो आणि बीज जास्त बसतं, अमेरिकेच्या मेन राज्यात असे प्रयोग झालेत. कवचं उन्हात काही महिने वाळवूनच वापरा, ओली टाकलीत तर रोग परत बिछान्यात येऊ शकतो. बीज निवडताना कुठल्या पाण्यातल्या आईबापांचं आहे ते विचारा, ऑस्ट्रेलियात सिडनी रॉक कालवाच्या निवडून वाढवलेल्या वाणांनी आम्ल पाण्यात साध्यांपेक्षा चांगला तग धरलाय. पहिल्या खेपेला सगळं बीज टाकू नका, थोडं टाका, दोन आठवडे कडा बघा, नोंदवहीतल्या पहाटेच्या आकड्यांशी ताडून बघा, आणि मग बाकीचं.