हीटर कोअर गळतोय? डॅशबोर्ड खोलण्याआधी आणि बसवल्यानंतर या चुका टाळा

ग्वाल्हेरात पौषातलं धुकं उतरलं की जुन्या व्हॅनचा हीटर वर्षातून पहिल्यांदा सुरू होतो आणि गळका हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरवणारा छोटा रेडिएटर, उघडा पडतो. गोडसर वास, पायाखाली ओलं कार्पेट, समोरच्या काचेला आतून चिकट थर. कापडाने पुसलं तर तो थर आणखीच पसरतो. पहाटेच्या धुक्यात समोरून दिवे आले की अशा काचेतून काही म्हणता काही दिसत नाही, त्यामुळे हे काम उन्हाळ्यावर ढकलू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खात्री न करता डॅशबोर्ड खोलणं. ओल्या कार्पेटवर पांढरा टिश्यू दाबा. रंग नाही, वास नाही, तर बहुधा एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. टिश्यू रंगला आणि बोटांना बुळबुळीत लागला तर ते कूलंट. तरीही थांबा. इंजिनाच्या बाजूने फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) शिरणारे दोन होज, म्हणजे रबरी नळ्या, हाताने चाचपा. तिथली क्लिप ढिली असली तर कूलंट पाइपावरून ओघळत आत येतं. मग गार इंजिनावर प्रेशर टेस्टर लावा, रेडिएटरच्या झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या (बहुतेक गाड्यांत 0.9 किंवा 1.1 बार) आणि 15 मिनिटं बघा. काटा उतरला, बाहेर कुठे गळती नाही आणि हीटरच्या डब्याखाली थेंब आले, तर कोअरच.

रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक बंद करायची पावडर टाकू नका. कोअरच्या नळ्या अगदी बारीक असतात. गळती थांबेल न थांबेल, हीटर मात्र थंड पडतो आणि गाळ रेडिएटरपर्यंत जातो. चार दिवस काढायचेच असतील तर इंजिनाकडचे दोन्ही होज धातूच्या नळीने एकमेकांना जोडा. तोंडं बंद करू नका, काही इंजिनांत कूलंटचं फिरणं याच वाटेवर चालतं.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, एअरबॅग असेल तर कंपनीने सांगितलेला वेळ थांबा. होज पिळून ओढू नका, उभा चिरा. जुना कोअर काढण्याआधी त्यातलं कूलंट फुंकून बाहेर काढा आणि पाइपांना बुच लावा, नाहीतर उरलेलं सगळं कार्पेटवर सांडेल. कूलिंग कॉइलही काढावी लागत असेल तर आधी एसीचा गॅस मशीनने काढून घ्या.

नवा कोअर बसवताना कडेच्या फोमच्या पट्ट्या विसरल्या जातात. मग हवा कोअरला बगल देऊन जाते आणि नवा कोअर असूनही गाडी गरम होत नाही. ओ-रिंग नवीनच घ्या, कूलंट लावून बसवा.

बोरिंगचं पाणी ओतू नका. त्यातले क्षार नवा कोअरही खातील. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन चालू, आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत बुडबुडे निघू द्या. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू आली तर हवा अजून आत आहे. एक होज तापला आणि दुसरा गारच राहिला, तरी आधी संशय हवेवरच घ्या.

कार्पेट उचलून खालचा फोम धुवा आणि उन्हात वाळवा. नाहीतर तोच गोड वास येत राहील आणि चांगला कोअर पुन्हा काढला जाईल. सांडलेलं कूलंट गटारात सोडू नका. चव गोड, पण विष आहे ते, आणि गल्लीतली कुत्री ते चाटतात.