आरसी कारच्या बॅटरीसाठी चार्जर कसा निवडावा

चार्जरची चौकशी सुरू करण्यापूर्वी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीतली बॅटरी बाहेर काढावी आणि तिच्यावरचे लेबल नीट वाचावे. बॅटरी कोणत्या रसायनाची आहे, तिचा व्होल्टेज किती, क्षमता किती एमएएच (मिलिअँपिअर-तास) आणि ती किती 'सी'ची (म्हणजे क्षमतेच्या किती पट प्रवाहाची), एवढे त्यावर छापलेले असते, आणि कोणता चार्जर घ्यावा याचा निर्णय बहुतांशी तेवढ्यावरच होतो. पुढच्या हिशेबांसाठी मी १/१० प्रमाणातली गाडी आणि तिच्यातली ७.४ व्होल्टची, ५००० एमएएच क्षमतेची, दोन सेलची म्हणजे २एस लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी धरली आहे, कारण हा छंद टिकवून ठेवणारे अनेक जण आज ना उद्या याच आकाराच्या बॅटरीपाशी येतात.

लेबलवरच्या एका आकड्याने मात्र हमखास घोटाळा होतो. ठळक छापलेला ५०सी किंवा १००सी हा चार्जिंगचा दर नव्हे. बॅटरी मोटरला किती विद्युतप्रवाह पुरवू शकते, याविषयीचा तो उत्पादकाचा दावा असतो. चार्जिंगचा दर वेगळा छापलेला असेल तर तो कमाल समजावा आणि नसेल तर १सी धरावा, म्हणजे ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअर आणि १५०० एमएएचच्या बॅटरीला दीड अँपिअर. लेबलने परवानगी दिली तरी रोजच्या वापरात १सीच्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे; वाचलेला अर्धा तास बॅटरीच्या आयुष्यातून वजा होतो.

आता रसायनाचा विचार करू. सुरुवातीच्या गाड्यांबरोबर पुष्कळदा निकेल मेटल हायड्राइडची सहा सेलची, ७.२ व्होल्टची बॅटरी मिळते, तर वेगवान गाड्या लिपोवर चालतात. या दोन बॅटऱ्या भरल्या हे चार्जरला कळण्याची रीतच वेगळी आहे. निकेलची बॅटरी पूर्ण भरली की आत जाणारी ऊर्जा उष्णतेत बदलू लागते, बॅटरी तापते आणि तिचा चढत गेलेला व्होल्टेज किंचित खाली येतो. प्रत्येक सेलमागे अवघ्या काही मिलिव्होल्टची ही घट टिपून चार्जर थांबतो. लिपोच्या बाबतीत चार्जर आधी ठरलेला प्रवाह देत प्रत्येक सेल ४.२० व्होल्टपर्यंत नेतो, नंतर व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि प्रवाह कमी कमी होत अगदी थोडा उरला की चार्जिंग संपवतो. यामुळेच शेवटच्या थोड्या भागाला वाटते त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्यात चार्जरचा काही दोष नसतो.

लिपो बॅटरी निकेलच्या प्रोग्रॅमवर लावली तर काय होईल, हे यावरून लक्षात यावे. चार्जर ज्या घटीची वाट पाहतो ती लिपोमध्ये येतच नाही, त्यामुळे ४.२० व्होल्टची मर्यादा ओलांडूनही प्रवाह चालू राहतो, सेल फुगतात आणि पुढे आग लागू शकते. घरात दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या असतील तर ज्याच्या पडद्यावर निवडलेला प्रोग्रॅम आणि सेलची संख्या सुरू करण्यापूर्वी स्पष्ट दिसते आणि दोन्हींची खात्री करून घेतली जाते, असाच चार्जर घ्यावा. लिफे (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल ३.६ व्होल्टला भरतो आणि एचव्ही (जास्त व्होल्टेजच्या) लिपोचा सेल ४.३५ व्होल्टला; यांपैकी बॅटरी असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम आहे का, हेही पाहावे. ट्रॅक्सस आयडी आणि स्पेक्ट्रम स्मार्ट या प्रणालींत बॅटरी स्वतःची ओळख चार्जरला सांगते, आणि लहान मुले चार्जर हाताळणार असतील तर ही सोय खरोखर उपयोगाची आहे. अशा वेळी बॅटरी आणि चार्जर दोन्ही एकाच प्रणालीतले घ्यावे लागतात, ही त्यातली अडचण.

निकेलसाठी आणखी एक सूचना करावीशी वाटते. फार कमी प्रवाहाने चार्जिंग केले तर शेवटची ती घट इतकी पुसट होते की चार्जरला ती सापडत नाही, म्हणून ३००० एमएएचच्या बॅटरीला दीड ते तीन अँपिअरच्या दरम्यानचा प्रवाह ठेवावा. गाडीबरोबर आलेल्या भिंतीवरच्या साध्या अडॅप्टरमध्ये बहुधा घट टिपण्याची सोयच नसते. तो ५०० मिलिअँपिअर देणारा असेल तर त्याच बॅटरीला सहा तासांहून अधिक वेळ लागतो आणि घड्याळाकडे लक्ष ठेवून तो आपल्यालाच काढावा लागतो. पहिला चार्जर बदलण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

लिपोसाठी बॅलन्सिंगची सोय नसलेला चार्जर मुळीच घेऊ नये. २एस बॅटरीचे दोन सेल एकामागोमाग जोडलेले असतात आणि पूर्ण भरल्यावर त्यांची बेरीज ८.४० व्होल्ट होते. समजा, वापराने एक सेल थोडा थकला आणि भरताना एक ४.३० व्होल्टवर तर दुसरा ४.१० व्होल्टवर पोहोचला, तरी बेरीज ८.४०च येते, फक्त दोन जाड तारांवरून बेरीज पाहणाऱ्या चार्जरला सारे काही ठीकच दिसते, आणि पहिला सेल प्रत्येक वेळी मर्यादेबाहेर भरत राहतो. बॅटरीतून निघालेली पांढरी लहान पिन, जिला २एसमध्ये तीन आणि ३एसमध्ये चार बारीक तारा असतात, ती यासाठीच दिलेली आहे. चार्जरमध्ये ती लावल्यावर प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा मोजला जातो आणि पुढे गेलेल्या सेलला आवर घातला जातो. हे आवर घालण्याचे सामर्थ्य लहान चार्जरमध्ये साधारण २०० ते ३०० मिलिअँपिअर असते, मोठ्यांमध्ये अधिक. बॅटरी मोठी किंवा जुनी असेल तर हा आकडा आवर्जून विचारावा.

केवळ या बारीक तारांमधूनच बॅटरी भरणारे, दोन-तीन दिव्यांचे छोटे चार्जरही मिळतात. १५०० एमएएचच्या बॅटरीला ते चालतात, पण त्यांचा प्रवाह एक अँपिअरच्या आसपास असल्याने ५००० एमएएचच्या बॅटरीला पाच तासांहून जास्त वेळ लागतो.

यानंतर येतो वॅटचा प्रश्न, आणि माझ्या मते खरेदीतली सर्वांत महागडी चूक इथेच होते. खोक्यावर अँपिअरचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि वॅटचा आकडा कोपऱ्यात, परंतु बॅटरीला प्रत्यक्षात किती प्रवाह मिळणार हे वॅटवरून ठरते. हिशेब सोपा आहे: बॅटरी पूर्ण भरल्यावरचा व्होल्टेज गुणिले हवा असलेला प्रवाह, म्हणजे लागणारे वॅट. आपल्या २एस बॅटरीला ८.४ गुणिले ५, म्हणजे ४२ वॅट लागतात. '६ अँपिअर, ५० वॅट' असे लिहिलेला चार्जर तिला सहज पुरतो. तोच चार्जर ५००० एमएएचच्या ३एस बॅटरीला लावला तर तिला १२.६ गुणिले ५, म्हणजे ६३ वॅट हवे असतात. ५० वॅटमध्ये भरत आलेल्या बॅटरीला जेमतेम ४ अँपिअर मिळतात, आणि ४एसला तर ३ अँपिअरच्या आतच. बॅटरीला याने अपाय होत नाही, फक्त वेळ वाढतो, पण खोक्यावरचे ६ अँपिअर तिथे मिळत नाहीत. म्हणून आज २एस वापरणाऱ्याने उद्या ३एस घेण्याचा विचार असेल तर निदान ८० वॅटचा चार्जर पाहावा.

दोन बॅटऱ्या एकाच वेळी भरणाऱ्या चार्जरबाबत दुकानदाराला नेमका प्रश्न विचारावा: १०० वॅट लिहिले आहेत ते प्रत्येक बाजूला की दोन्ही बाजू मिळून? घरच्या विजेवर लावल्यास दोन्ही बाजूंना मिळून १०० वॅट आणि बाहेरून १२ व्होल्ट दिल्यास प्रत्येकी १०० वॅट, अशी रचना बऱ्याच चार्जरमध्ये असते. आपल्या उदाहरणातल्या दोन बॅटऱ्यांना एकत्र ८४ वॅट लागतात, म्हणजे इथे पहिली रचनाही पुरते. दोन ३एस बॅटऱ्या असतील तर पुरणार नाही.

चार्जरला वीज कुठून मिळणार, हेही आधीच ठरवावे. काही चार्जर थेट भिंतीच्या सॉकेटला लागतात, काहींना ११ ते १८ व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो आणि काहींना दोन्ही चालतात. मैदानावर चारचाकीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून चार्जिंग करायचे असेल, किंवा गावी वीज जाण्याचा नेम नसेल, तर दोन्ही चालणारा घ्यावा. फक्त डीसीवर चालणारा चार्जर स्वस्त वाटतो, पण त्यासाठी वेगळा पॉवर सप्लाय घ्यावा लागतो आणि तोही चार्जरच्या वॅटपेक्षा थोडा जास्त क्षमतेचा असावा लागतो. अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांकडून चार्जर मागवण्याची पद्धत आपल्याकडे आहे, तेव्हा मागवण्याआधी त्यांना लेबलचा फोटो पाठवायला सांगावा. त्यावर '१००–२४० व्होल्ट' असे असेल तर फक्त पिनचा प्रश्न उरतो. '१२० व्होल्ट' एवढेच असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो पहिल्याच क्षणी निकामी होईल.

महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्याने चार्जरमध्ये 'स्टोरेज' प्रोग्रॅम आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लिपो सेल पूर्ण भरलेला ठेवला तर आतून खराब होत जातो आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात ते अधिक वेगाने होते. अगदी रिकामा ठेवला तर ३ व्होल्टच्या खाली घसरून पुन्हा नीट भरण्याजोगा राहत नाही. ठेवणीसाठी प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टच्या दरम्यान असावा लागतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदाने चिखलाची असतात आणि गाड्या महिनोन्महिने कपाटात राहतात, त्यामुळे हा प्रोग्रॅम दर वर्षी लागतोच. माझ्या दोन बॅटऱ्या एका पावसाळ्यापूर्वी मी पूर्ण भरून ठेवल्या होत्या, कारण पाऊस थांबेल तसे लगेच मैदानावर जाता यावे अशी इच्छा होती. दसऱ्याच्या सुमारास त्या बाहेर काढल्या तेव्हा दोन्ही फुगलेल्या होत्या, आणि फुगलेली लिपो पुन्हा वापरता येत नाही. तेव्हापासून मे महिन्याच्या अखेरीस सगळ्या बॅटऱ्या स्टोरेजवर आणणे हे माझ्या घरातले ठरलेले काम आहे.

या प्रोग्रॅमसंबंधी एक आकडा जाहिरातीत कोणी पुढे आणत नाही. भरलेली बॅटरी ठेवणीच्या पातळीवर आणायची तर चार्जरला ती रिकामी करावी लागते, आणि लहान चार्जरची ती क्षमता बऱ्याचदा फक्त ५ वॅट असते. आपल्या बॅटरीतून साधारण अर्धी, म्हणजे १८-१९ वॅट-तास ऊर्जा काढायला त्याला जवळजवळ चार तास लागतात. बॅटऱ्या चार-पाच असतील तर जास्त वॅटने रिकामी करणारा चार्जर घ्यावा, किंवा निघण्यापूर्वी गाडी काही मिनिटे चालवून बॅटरी अर्ध्यावर आणावी आणि उरलेले काम चार्जरवर सोपवावे.

जोडणीबद्दल थोडक्यात सांगतो. टी-प्लग, एक्सटी६०, ईसी३, ट्रॅक्सस आणि जुनी टामिया, असे कनेक्टरचे अनेक प्रकार आहेत. आपल्या बॅटरीचा कनेक्टर चार्जरबरोबर येणाऱ्या तारांच्या जुडग्यात आहे का ते पाहावे आणि नसेल तर ती तार त्याच वेळी घ्यावी. तार लावताना क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. तारेच्या केळीच्या आकाराच्या दोन पिना आधी चार्जरमध्ये बसवाव्यात आणि मगच बॅटरी जोडावी. काढताना आधी बॅटरी सोडवावी. उलट केल्यास बॅटरीला जोडलेल्या दोन उघड्या पिना एकमेकींना लागून शॉर्टसर्किट होते.

नकली मालाची भीती खरी आहे. 'आयमॅक्स बी६' हा स्कायआरसी कंपनीचा ५० वॅटचा चार्जर जगभर इतका खपला की त्याच्या नकला मूळ वस्तूसारख्याच दिसतात, आणि खोक्यावरून ओळख पटवणे कठीण जाते. अधिकृत विक्रेत्याकडून घेणे आणि पक्के बिल मागणे हा पहिला उपाय आहे. दुसरा आपल्या हातातला आहे. अंकी मल्टिमीटर घरात असू द्यावा आणि नव्या चार्जरने पहिली बॅटरी भरल्यावर पांढऱ्या पिनवर प्रत्येक सेल स्वतंत्र मोजून पाहावा. ४.१८ ते ४.२१ व्होल्टच्या दरम्यान आकडा आला तर चार्जर बरोबर आहे. ४.२३ किंवा त्याहून अधिक आला तर पडद्यावर काहीही दिसत असले तरी तो चार्जर परत करावा.

ही पहिली चाचणी दिवसा, जागे असताना आणि समोर बसून करावी. गाडीतून काढलेली बॅटरी गरम असेल तर ती हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. फरशीवर मातीची रुंद कुंडी ठेवून, तिच्या तळाशी कोरडी वाळू पसरून बॅटरी त्यात ठेवावी. गादी, पडदे आणि कागद दूर असावेत, आणि वाळूने भरलेली एक बादली हाताशी असावी. लिथियमच्या बॅटऱ्यांना ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्जिंग सोसत नाही, म्हणून विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या वाचकांनी मे महिन्यात हे काम गच्चीवर न करता सकाळी लवकर घरातल्या थंड खोलीत करावे. दर दहा मिनिटांनी बॅटरीला हात लावून पाहावा. ती कोमटच्या पुढे जात असेल किंवा दोन सेलमधला फरक पडद्यावर कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर चार्जिंग तिथेच थांबवावे आणि बॅटरी घराबाहेर मोकळ्या जागेत ठेवून तासभर दुरून तिच्यावर लक्ष ठेवावे.